दहाव्याचे सर

शिरूरच्या स्टँडवर उतरून कोणालाही "दहाव्याचे सर कुठं राहतात?" असं विचारलं, तर तो आधी हसायचा आणि मग रस्ता सांगायचा. सरांना खरं नाव होतं, पेन्शन त्याच नावावर यायची, पण गावानं एकदा नाव ठेवल्यावर सरकारी नावाला कोण विचारतो. घोडनदीच्या घाटावर कोणाचाही दशक्रिया विधी असो, सर तिथं हजर. गेलेला माणूस ओळखीचा असायची गरज नव्हती. सकाळी नदीकडून कर्ण्याचा आवाज आला की हे घरातून निघायचे. काखेत खताची रिकामी गोणी, बसायला. हातात छत्री, बाराही महिने. मंडपात पुढं खुर्च्या मांडलेल्या असायच्या, पण सर सगळ्यात मागं, बायका आणि चपलांचा ढीग यांच्या मधल्या जागेत गोणी अंथरायचे आणि श्रद्धांजलीची भाषणं ऐकत बसायचे.

नुसती ऐकत नव्हते, मार्क द्यायचे. भाषण आटोपून पुढारी गाडीकडं निघाला की सर वाटेत उभे. "चार," म्हणायचे. "दहापैकी." एका बड्या माणसाला तर त्यांनी चारचौघांत सुनावलं, "या महिन्यात तुम्ही सगळ्यांनाच अजातशत्रू म्हणालात. मग तालुक्यात बांधावरून भांडतं कोण?" तो माणूस तेवढ्यापुरता हसला. पुढं मात्र सर दिसले की तो गाडीची काच वर घ्यायचा.

दुसरी खोड याच्याही वरताण होती. "कसं काय, बरं आहे का?" असं सरांनी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. माणूस दिसला की त्यांचा एकच प्रश्न, "काय दुखतंय?" किराणा दुकानदाराला, कंडक्टरला, वरातीत घोड्यावर बसलेल्या नवरदेवालासुद्धा. लोक म्हणायचे, काही नाही सर, झकास आहे. यावर सर हलायचे नाहीत. छत्री टेकवून तसेच उभे राहायचे, समोरच्याच्या तोंडाकडं बघत. जरा वेळानं त्या माणसालाच अवघडल्यासारखं व्हायचं. बहुतेक जण चिडून निघून जायचे, पण एखादा सांगायला लागायचा. स्टँडबाहेर बसणारी भाजीवाली मावशी एकदा मेथीची जुडी हातात तशीच धरून सरांना आधी गुडघ्याचं आणि मग सुनेचं सांगत होती, आणि मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती. शाळेतली पोरं त्यांना लांबून बघूनच "पोट दुखतंय सर" असं ओरडून पळायची.

मला ते तेव्हा चक्रम वाटायचे. आजही वाटतात. त्यांची आठवण आली की आधी राग येतो आणि मग रडू येतं, हा क्रम इतक्या वर्षांत बदललेला नाही.

मी कवठे येमाईच्या पुढच्या एका वस्तीवरची. आमचं घर मूळचं मेंढक्यांचं. माझ्या जन्माआधीच आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मेंढरं विकून विहीर पाडली आणि आम्ही कांदेवाले झालो. अकरावी-बारावीला मी शिरूरला आत्याकडं राहिले, आणि आत्याच्या घरामागच्या चाळीत दोन खोल्यांत सर राहायचे, एकटेच. मला डॉक्टर व्हायचं होतं. पण नीट परीक्षेचे मार्क असे पडले की धड कमी म्हणता येईनात आणि धड पुरेसेही. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकणार हे दिसत होतं, आणि खासगीचं नाव घरात काढायची सोय नव्हती. वडील म्हणाले, बीएस्सीला नाव घाल, वर्षभरात स्थळं बघू. आमच्या वस्तीवर याचा अर्थ काय होतो ते मला चांगलं माहीत होतं.

तेवढ्यात कॉलेजातल्या बाईंनी एक बातमी आणली. लांबच्या राज्यात एका धर्मादाय संस्थेचं मेडिकल कॉलेज आहे. खेड्यातल्या मुलांसाठी थोड्या जागा ठेवतात, फी नावापुरती. मात्र मार्कांबरोबर एक पर्सनल स्टेटमेंट मागतात. आपण कोण, डॉक्टर का व्हायचं, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं, आणि मुलाखतही त्यावरच. ते जमलं तर डॉक्टर, नाही तर बीएस्सी आणि कांदेपोहे.

मी लिहिलं. पण आमच्यात स्वतःबद्दल बोलायची सवय कोणाला? "फार मी मी करते" ही आमच्याकडं पोरीला दिलेली शिवी आहे. दहावीत शाळेत पहिली आले तेव्हा सत्काराला उत्तर म्हणून मी जे बोलले होते, तेवढंच मला येत होतं. म्हणून त्याच चालीवर लिहीत गेले. आधी कुलदैवत, मग पणजोबांची पायपीट, मग कष्टाळू आबा, सोशिक आई, प्रेमळ आत्या, आदरणीय वर्गशिक्षक, आणि सत्काराला नारळ देणारे सरपंचसुद्धा. या सर्वांच्या आशीर्वादाने डॉक्टर होऊन मी समाजाची सेवा करू इच्छिते. शेवटी पुन्हा सगळ्यांचे ऋण. आत्यानं वाचलं आणि पदर डोळ्याला लावला. म्हणाली, मागं सरांना दाखव, ते इंग्रजीचे मास्तर होते, इंग्रजी करून देतील.

दुपारी गेले. सरांनी दार उघडलं. "काय दुखतंय?"

काही नाही, हे तपासायचं होतं, असं म्हणून मी कागद पुढं केले. त्यांनी दारातच उभ्यानं सगळं वाचलं. मग शेवटचा कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का ते पाहिलं.

"यात तू कुठंयस?" त्यांनी विचारलं.

मी खाली माझं नाव दाखवलं.

"हे आभार मानणाऱ्याचं नाव झालं," सर म्हणाले. "पोरी, हा दहावा झाला. सगळे कष्टाळू, सगळे प्रेमळ. गेलंय कोण तेवढंच कळत नाही."

मला असा संताप आला की कागद हिसकावून घरी आले आणि आत्याला सांगितलं, म्हातारा डोक्यावर पडलेला आहे. पण तसं इंग्रजी शिरूरात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, आणि येत असलं तरी माझ्यासाठी रिकामं कोण बसलं होतं. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पुन्हा गेले.

सरांची तऱ्हा अशी की कागद हातात घेतला की ते पहिलं वाक्य वाचायच्या आधीच खोडायचे. म्हणायचे, "पहिलं वाक्य माणूस लोकांसाठी बोलतो. दुसरं जरासं आपलं असतं." मीही काही कमी नव्हते. सुरुवातीला मुद्दाम एक फालतू वाक्य टाकायला लागले, म्हणजे खरं पहिलं वाचेल. सरांनी ते ओळखलं आणि त्या दिवशी दोन खोडली. सगळं आधी मराठीत लिहायचं, असंही त्यांचं होतं. इंग्रजीचं नंतर बघू, खोटं कोणत्याही भाषेत खोटंच, म्हणायचे. मग विशेषणांच्या मागं लागले. कष्टाळू गेलं, प्रेमळ गेलं, आदरणीय गेलं. ही सगळी ते हलक्या हातानं, रेघ मारून काढायचे. पण "सोशिक" या शब्दावर पेन असा दाबला की कागद फाटला. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

एक दिवस म्हणाले, चल, आणि मला घाटावर घेऊन गेले. कुठल्या तरी म्हातारीचा दहावा होता. बायकांच्या मागं मला गोणीवर बसवलं आणि स्वतः चपलांपाशी उभे राहिले. चार जण बोलले. माउली, कष्टाची मूर्ती, घरादाराचा आधारस्तंभ. परत येताना सरांनी विचारलं, ही बाई तुला रस्त्यात भेटली असती तर या भाषणांवरून ओळखता आली असती का? मी म्हटलं, नाही. "आणि तुझ्या कागदावरून तू?" ते म्हणाले आणि छत्री आपटत पुढं चालायला लागले. त्या वाटेवर मला पहिल्यांदा भीती वाटली. चिडायचं सोडून मी विचार करायला लागले की खरंच, त्या लांबच्या कॉलेजातल्या कोणी तरी माझा कागद हातात घेतला, तर त्याला माझ्यात आणि दुसऱ्या हजार पोरींत काय फरक दिसणार?

तरी मूळ प्रश्नावर गाडी अडलेलीच होती. डॉक्टर का? मी म्हणायचे, समाजसेवा. सर म्हणायचे, खोटं, पुढचं. मी म्हणायचे, वस्तीवर दवाखाना नाही, आजी गेली. ते विचारायचे, आजी कशानं गेली? म्हातारपणानं, मी कबूल करायचे. मग ते गप्प बसायचे, लोकांपुढं उभे राहायचे तसेच. एकदा त्या गप्प बसण्याचा मला इतका वीट आला की मी चिडून आईचंच सांगून टाकलं.

आईच्या पोटात दुखायचं. माझ्या आठवणीत ती कायम कांद्याच्या चाळीला टेकून, पोटावर हात दाबून उभी आहे. महिन्यातले बरेच दिवस अंगावर जायचं, तोंड पांढरं पडायचं. ती सांगायची. आबांना थेट नाही, पण वडिलांना सांगायची, चुलतीला सांगायची. वडील आबांकडं बघायचे आणि आबा म्हणायचे, "बाईमाणसाला आसतंच की. कांदा काढून झाल्याव बघू." कांदा काढून झाल्यावर ऊस असायचा. एका वर्षी ती कांदे काढताना वाफ्यातच कोसळली. पिकअपमध्ये टाकून शिरूरला आणली. तिथं एक डॉक्टरीण होती, अंगानं एवढीशी, दिसायला माझ्यापेक्षा फार मोठी वाटत नव्हती. तिनं आईला तपासलं आणि बाहेर आली. आबा उभे होते, फेटा बांधून, काठी टेकून. आबांपुढं आमच्याकडं कोणी मान वर करून बोलत नाही. त्यांनी सुरुवात केली, "बाईमाणसाला..." आणि ती म्हणाली, "आजोबा, खाली बसा. आता मी सांगते, तुम्ही ऐका." आणि आबा खाली बसले. बाकावरसुद्धा नाही, जागा नव्हती म्हणून सरळ जमिनीवर, भिंतीला टेकून. तिनं रक्त किती कमी आहे ते सांगितलं, गर्भपिशवीचं सांगितलं, अजून दोन महिने थांबला असता तर काय झालं असतं तेही सांगितलं. आबांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. परत येताना आईची औषधाची पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती, कोणाला घेऊ दिली नाही.

हे सगळं मी सरांना भांडल्यासारखं सांगितलं. माझ्या आईचं दुखणं खरं आहे हे पटायला घरच्यांना एक परकी पोरगी लागली, आणि ती डॉक्टर होती म्हणून तिचं ऐकलं, मला तशी व्हायचंय, मला समाजसेवा वगैरे काही करायची नाही, असं म्हणाले आणि रडायला लागले. सरांनी माझं रडणं संपू दिलं. मग म्हणाले, "हे लिहून आण."

दुसऱ्या दिवशी मी घेऊन गेले. पहिलंच वाक्य होतं, "मला डॉक्टर व्हायचं आहे, कारण त्या दिवशी आबा खाली बसले." सरांच्या हातात उघडं पेन होतं. ते आता खोडणार म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी ते वाक्य वाचलं, पुढचंही वाचलं, सगळं वाचलं, आणि पेनला टोपण लावलं. कागद माझ्या हातात न देता आत गेले. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज येत राहिला. मी उंबऱ्यावर बसून राहिले. बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लाल होते, आणि न विचारताच ते बोलायला लागले.

सर एकेकाळी तालुक्यातले नावाजलेले वक्ते होते. श्रद्धांजलीच्या भाषणाला त्यांच्यावाचून अडायचं, लोक न्यायला गाडी पाठवायचे. अशीच एकदा दौंडहून गाडी आली. भीमेच्या घाटावर एका बागायतदाराचा दहावा होता. सर सदऱ्याची बटणं लावत होते तेव्हा काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, छातीत दाटल्यासारखं होतंय, डावा हात जड वाटतोय.

"मी आरशासमोरून वळलोसुद्धा नाही," सर मला म्हणाले. "म्हटलं, गॅस असेल, ओवा खा. ती बरं म्हणाली. त्या बागायतदाराला मी आयुष्यात दोनदा भेटलो असेन. त्याच्यावर असं बोललो की बायका रडल्या. परत आलो तर ही ओट्यापाशी पडलेली. मुठीत ओवा होता."

पुढचं मला आत्यानं सांगितलं. काकूंच्या दहाव्याला सगळा तालुका लोटला होता. एकामागून एक वक्ते उठले आणि म्हणाले, बाई फार सोशिक, कधी दुखणं म्हणून बोलून दाखवलं नाही. सर मुंडण केलेल्या डोक्यानं उठले, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "खोटं आहे. तिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही." एवढं बोलून खाली बसले. भटजींना काही सुचेना, त्यांनी आपला मंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. त्या दिवसापासून सरांना कोणी माइक दिला नाही, आणि सर त्या दिवसापासून दौंडच्या रस्त्याला गेले नाहीत. लग्न असो, मयत असो, दौंड म्हटलं की नाही. आणि "काय दुखतंय?" तेव्हापासून सुरू झालं. मी हे ऐकून घरी बसून राहिले. ज्या माणसाला मी डोक्यावर पडलेला म्हणाले होते, त्याच्यापुढं मी नेमकं काय वाचायला ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

इंग्रजी त्यांनीच करून दिलं, पण एक शब्द वाढवला नाही. मुलाखतीला एक म्हातारे प्राध्यापक होते. त्यांनी कागद खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, तुझे आजोबा अजून खाली बसतात का? मी म्हटलं, आता आईनं हाक मारली तरी बसतात. मला प्रवेश मिळाला. वडिलांनी वस्तीवर पेढे वाटले. सरांना पेढा द्यायला गेले तर म्हणाले, "काय दुखतंय?" मी हसून म्हटलं, आज खरंच काही नाही. ते तसेच उभे राहिले, आणि मग मला कळलं की घर सोडून इतक्या लांब जायची मला भीती वाटते आहे. ते सांगितल्यावरच त्यांनी पेढा घेतला.

होस्टेलवर त्यांचा फोन यायचा. तोच प्रश्न. मी काही नाही म्हणायचे आणि पलीकडून काहीच आवाज यायचा नाही. पैसे जातायत सर, मी म्हणायचे. तरी नाही. मग मी हळूहळू सांगायला लागायचे. भाषा कळत नाही, भात खाऊन कंटाळा आला, अॅनाटॉमीत नापास होईन. सगळं ऐकून "बरं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. सल्ला कधी दिला नाही. मी एकदा चिडून विचारलं, नुसतं ऐकून काय होतं? म्हणाले, ते मला माहीत नाही, न ऐकून काय होतं ते माहीत आहे.

डॉक्टर होऊन मी परत आले आणि दौंडच्या सरकारी दवाखान्यात लागले. सरांना फोनवर सांगितलं. तुम्ही येणार नाही हे माहीत आहे, मीच येत जाईन, असं मी म्हटलं. सुट्टीला शिरूरला गेले की जातही होते.

एका सोमवारी ओपीडीला ही गर्दी होती. मी मान खाली घालून केसपेपर लिहीत होते. समोरच्या स्टुलावर कोणी तरी बसलं, आणि टेबलाला एक छत्री टेकली. वर पाहिलं तर सर. दौंडला. रांगेत उभं राहून, केसपेपर काढून, नंबर लागल्यावर आत आलेले. मला इतका आनंद झाला की मी त्यांचीच नक्कल केली. म्हटलं, "काय दुखतंय, सर?"

ते किंचित हसले. "इतक्या वर्षांत हे मला कोणी उलटून विचारलं नाही," म्हणाले. आणि मग, "छातीत. डावा हात जड आहे."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

मी ओरडलेच त्यांच्यावर. शिरूरात दवाखान्यांचा दुष्काळ पडला होता का? काल दुपारपासून अंगावर काढलंत आणि न्हावरा, चौफुला, पाटस करत, गाड्या बदलत इथवर आलात? एवढं बोलताना मी एकीकडं त्यांना आडवं करत होते, गोळ्या तोंडात घालत होते, ईसीजीची पट्टी बघत होते, आणि पट्टीवर जे दिसत होतं ते मला बघायचं नव्हतं.

सर शांत होते. "ती सांगत होती तेव्हा मी याच रस्त्यानं निघून आलो होतो," म्हणाले. "म्हटलं, सांगायलाही याच रस्त्यानं जावं. ऐकणारं माणूस इकडं आहे." मग जरा दम घेऊन म्हणाले, "दहाव्याला तू बोल. पुतण्याला सांगून ठेवलंय. चारच्या वर मार्क पडले पाहिजेत."

गप्प बसा, मी म्हटलं. त्यांना अँब्युलन्सनं पुण्याला पाठवलं. बाहेर रांग होती, डॉक्टर मी एकटीच होते, मला सोबत जाता आलं नाही. छत्री टेबलालाच टेकलेली राहिली. यवतच्या पुढं गाडी गेली असेल, तेव्हा फोन आला.

मला त्यांचा राग येतो तो याचाच. आदल्या दिवशी दुपारी कोणाला सांगितलं असतं, चाळीतल्या एखाद्या पोराला हाक मारली असती, तर बहुतेक वाचले असते. डॉक्टर म्हणून मला हे कळतं, आणि म्हणूनच रात्री झोप लागायची नाही. गावभर दुसऱ्यांची दुखणी विचारत फिरलेला माणूस, आणि स्वतःचं दुखणं सांगायला रस्ता निवडत बसला. असं कोणी करतं का? माझ्यावर त्यांचा विश्वास होता हे खरं, पण तो विश्वास मला नको होता, मला सर हवे होते.

दहावा घोडनदीच्याच घाटावर झाला. नगरहून आलेल्या पुतण्यानं विधी केले. मंडपाच्या तोंडाशी फ्लेक्स लावला होता, त्यावरच्या फोटोत सरांच्या हातात छत्री नव्हती, त्यामुळं ते दुसरेच कोणी वाटत होते. सरांनी बजावून ठेवलं होतं की दुसऱ्या कोणाला बोलू देऊ नका, पण पुढारी आल्यावर त्याला नाही कोण म्हणणार. काच वर घेणारा तोच बडा माणूस उठला आणि म्हणाला, सर म्हणजे अजातशत्रू व्यक्तिमत्त्व. मी नकळत मागं वळून चपलांकडं पाहिलं.

मग पुतण्यानं माझं नाव घेतलं. माइक हातात आला आणि पहिलं वाक्य आपोआप जिभेवर आलं, सर आमचे दीपस्तंभ होते वगैरे. ते मी गिळलं. मग म्हणाले, "सरांच्या बायकोनं छातीत दुखतंय म्हणून सांगितलं होतं. सरांनी ऐकलं नाही. नंतर त्यांनी या गावात प्रत्येकाला विचारलं, काय दुखतंय. पण स्वतःच्या छातीत दुखलं तेव्हा ते दुसऱ्या दिवसापर्यंत कोणाला बोलले नाहीत. दोन्ही चुकाच होत्या. तुम्ही करू नका." एवढं बोलून मी माइक परत दिला. पुतण्यानं मान खाली घातली. तो बडा माणूस मोबाइल बघत होता. मग भटजींनी पुढचं सुरू केलं.

लोक पांगले. मी चपला शोधत होते तेव्हा माझ्या दंडाला कोणी तरी हात लावला. भाजीवाली मावशी होती. पदर दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी.

"बाई," ती हळूच म्हणाली, "सरांना मी गुडघ्याचं सांगितलं व्हतं. सुनेचं बी सांगितलं. ते ऐकायचे वो. पर येक सांगायचं ऱ्हायलं. पुरुषमाणसाला कसं सांगावं?" तिनं इकडंतिकडं पाहिलं. "हितं गाठ हाय. कुणालाच दावली न्हाई."

घाटाच्या पायरीवर ऊन आलं होतं. मी तिचा हात धरून तिला तिथंच बसवलं आणि स्वतः तिच्या खालच्या पायरीवर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.